चौदा हजार खऱ्या चिठ्ठ्या आणि एक

ब्रॅकनशॉ या इंग्रज गिरणगावात हेटी पिलिंगसमोर लोक जरा जपूनच बोलत. ती चहाडखोर होती म्हणून नव्हे. तिच्या ॲप्रनच्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्यांची चळत आणि आखूड पेन्सिल कायम असे, आणि खाटकाच्या दुकानात तुम्ही सहज काही बोलून गेलात की तिचा हात खिशाकडे गेलाच म्हणून समजा. मग ती तुम्हाला नाव विचारी, जे तिला चाळीस वर्षं माहीत असे. तारीख विचारी, जी समोरच्या भिंतीवर टांगलेली असे. एवढं झालं की तुमचं वाक्य चिठ्ठीवर, आणि तिथून ते पोस्टाने दूरच्या विद्यापीठाच्या गावी. तिथे इंग्रजीच्या एका मोठ्या शब्दकोशाचं काम हेटीच्या लग्नाआधीपासून चालू होतं, आणि बहुतेक तिच्या मागेही चालू राहणार होतं.

बाराव्या वर्षी अर्धी शाळा सुटली तेव्हापासून हेटी कापडगिरणीत. सकाळी माग आणि दुपारी शाळा असा अर्ध्या दिवसाचा कायदा तेव्हा होता, पण दुपारी ती बाकावर झोपायची, त्यामुळे शाळा झालीच नाही म्हणायला हरकत नाही. पुढे बावन्न साली रेडिओवर कुणी विद्वान म्हणाला, शब्दकोशाला वाचणारी माणसं हवी आहेत, पगार नाही, फक्त चिठ्ठ्या आणि पोस्टाची तिकिटं मिळतील. हेटीने त्याच संध्याकाळी पत्र टाकलं. शेजारची बेसी ग्रिमशॉ म्हणाली, "फुकटचं काम म्हटलं की पिलिंगांची हेटी पुढे." बेसीला कुणी काही फुकट करतं हे बघवत नसे.

काम सोपं होतं आणि जिकिरीचंही. एखादं क्रियापद घ्यायचं. त्याचं साधं, हाताने करायचं काम दाखवणारं वाक्य शोधायचं, आणि मग तेच क्रियापद माणसाच्या मनात शिरून, बाजारात शिरून, हवेत शिरून काय काय करतं त्याचीही वाक्यं शोधायची. कादंबरीतून, वर्तमानपत्रातून, प्रार्थनागृहाच्या पत्रकातून, बी-बियाण्यांच्या जाहिरातीतून, किंवा माणसाच्या तोंडून. एका चिठ्ठीवर एकच वाक्य, जसंच्या तसं. खाली पुस्तकाचं नाव, पान, वर्ष. ऐकलेलं असेल तर बोलणारा कोण, कुठे, कधी. तारीख नसेल तर चिठ्ठी केरात. आणि सगळ्यात वरचा नियम, जो हेटीला आलेल्या पहिल्या पत्रात जाड टायपात होता: वाक्य स्वतः रचायचं नाही. माणूस रचायला बसला की गुळगुळीत रचतो, आणि भाषा गुळगुळीत नसते. एखाद्याची एक जरी चिठ्ठी बनावट निघाली तर त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या खणांतून काढून बाजूला ठेवल्या जात, मग त्या शंभर असोत की एक लाख.

हेटीला हा नियम मनापासून पटला होता. गिरणीत कापडाचा तागा तपासनिसाच्या टेबलावर जाई. तो बोटांनी चाचपून दोष काढी, आणि दोष सापडला की विणकरणीला सगळ्यांदेखत बोलावून दाखवी. बेचाळीस वर्षांत हेटीला तीनदा बोलावलं होतं. ते तिन्ही दिवस तिला वारासकट पाठ होते.

आता तिचा नवरा. विल्फ पिलिंग त्याच गिरणीत माग-मिस्त्री होता. बिघडलेले माग दुरुस्त करणारे हे मिस्त्री म्हणजे आमच्या भागात विनोदाचं गिऱ्हाईक. दर शनिवारी कुणी ना कुणी मिस्त्र्याच्या बावळटपणाची नवी गोष्ट सांगतोच. विल्फपुढे सांगायला मात्र मजा नसे, कारण मागांच्या खडखडाटाने त्याचे कान तिशीतच गेले होते. गिरणीतली माणसं आवाजाने बोलतच नाहीत. ओठ मोठे करून, भुवया उडवून, तीन माग ओलांडून पलीकडच्या बाईला सासूची सगळी कहाणी सांगतात आणि तोंडातून हूं की चूं निघत नाही. विल्फ आणि हेटीचा अख्खा संसार याच ओठांच्या बोलीवर झाला. निवृत्त झाल्यावरही दोघं चहाच्या टेबलाशी तसंच बोलत, आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटे, यांचं भांडण झालंय. हेटीने एकदा शब्दकोशाला लिहून विचारलं होतं की ओठांवरून वाचलेलं वाक्य ऐकलेलं धरायचं का. उत्तर आलं, धरा.

पण विल्फची वाक्यं तिला फार मिळाली नाहीत. तो बोलायचाच मोजकं. "चहा." "पाऊस येणार." "लाल मादी आजारी आहे." ही लाल मादी म्हणजे कबुतर. मागच्या अंगणात त्याचा कबुतरखाना होता, आणि शर्यतीचं पाखरू परत आलं की त्याच्या पायातलं रबरी कडं काढून घड्याळाच्या पेटीत टाकायचं, की वेळ कागदावर ठोकली जाते. एकसष्ट साली विल्फचा पक्षी फ्रान्सहून सगळ्यांत आधी आला. कबुतर-क्लबाने टाळ्या वाजवल्या. विल्फ उभा राहून म्हणाला, माझं घड्याळ तीन मिनिटं मागे पडतं हे आज सकाळी लक्षात आलं, मला काढा. त्याला काढलं. कप गेला दुसऱ्या नंबरच्या हॅरल्ड ग्रिमशॉकडे, म्हणजे बेसीच्या नवऱ्याकडे, आणि तो आजही त्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून ठेवलेला आहे. हेटीला त्या कपाचा राग होता. नवऱ्याचा मात्र तिला त्या दिवशी फार अभिमान वाटला, आणि घरी येऊन तिने त्याला मटणाचा तुकडा जरा मोठाच कापून दिला होता.

एकाहत्तर सालापासून हेटीकडे 'होल्ड' हे क्रियापद आलं होतं. आपल्या 'धरण्या'ची ही इंग्रज चुलत बहीण, तितकीच घरकामाला वाघ. सगळीकडे हात घालणारी. हेटीने दोन वर्षांत हजारभर चिठ्ठ्या धाडल्या. दोर धरणारे, मूल धरणारे, दार धरणारे तर पोत्याने होते. शिवाय बटाट्याने भाव धरला होता, जुन्या पुलाने तग धरला होता, पंतप्रधानाने खाणकामगारांना जबाबदार धरलं होतं आणि खाणकामगारांनी देशाला वेठीस धरलं होतं, निदान वर्तमानपत्र तसं म्हणत होतं. बसच्या रांगेत बेसी म्हणाली होती, "माझी जागा धर, मी पोस्टात जाऊन येते," आणि परत आली तेव्हा हेटी तिला तारीख विचारत होती.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत मिस थर्लोचं पत्र आलं. ही नवी संपादिका. हेटीने तिला पाहिलं नव्हतं, पण अक्षर बारीक आणि स्वच्छ होतं, त्यावरून हेटीने तिला करड्या स्वेटरमध्ये कल्पून ठेवलं होतं. मिस थर्लोने लिहिलं होतं की या क्रियापदाचं पान जवळजवळ भरलं आहे, एकच अर्थ अडला आहे. एक माणूस दुसऱ्याला आतून धरून ठेवतो, कोसळू देत नाही, तो अर्थ. पुस्तकांतून ढीगभर वाक्यं आहेत, पण ती सगळी लेखकांची. साध्या माणसाच्या तोंडचं एक तरी हवं. आपल्याइतके चांगले कान आमच्याकडे दुसरे नाहीत, मिसेस पिलिंग. दहा मार्चपर्यंत मिळालं तर उपकार होतील.

त्या शेवटून दुसऱ्या वाक्याने हेटी पुरती हरभऱ्याच्या झाडावर चढली.

तीन आठवडे तिने कान टवकारून काढले. धुलाईच्या दुकानात बसली, प्रार्थनेनंतर चहाच्या टेबलाशी रेंगाळली, दोन अंत्यविधींना गेली, त्यांतला एक तर ओळखीच्या माणसाचाही नव्हता. विधवेला कुणी काहीतरी बोलेल अशी आशा होती. विधवा विधीनंतरच्या जेवणाबद्दल म्हणाली, "हॅम बरं होतं." ब्रॅकनशॉत हे असंच. आमच्याकडे नवऱ्याचं कौतुक करायचं तर बाई म्हणते, "तसा त्रास नाही त्याचा." त्यापुढे कुणी जात नाही, आणि गेलंच तर ऐकणारा डॉक्टरला बोलवावं का असा विचार करतो.

नऊ मार्चला, शुक्रवारी, ती स्वयंपाकघरात कोरी चिठ्ठी घेऊन बसली. विल्फ समोर बुटाला पॉलिश करत होता. विणताना धागा तुटला तर विणकरीण थांबत नाही की रडत नाही. बोटांच्या चिमटीत दोन टोकं धरून गाठ मारते, गाठ आत ढकलते, आणि कापड पुढे सरकतं. हेटीचे हात आयुष्यभर तेच करत आले होते. एका ओळीत भोक दिसत होतं, आणि भोक दिसलं की तिचे हात आपसूक कामाला लागत. तिने लिहिलं: "हेटी, तूच मला धरून आहेस." खाली लिहिलं: ऐकलेलं. बोलणारे विल्फ्रेड पिलिंग, माग-मिस्त्री, निवृत्त. स्वयंपाकघर. ९ मार्च १९७३.

लिहून झाल्यावर तिने वर पाहिलं. विल्फ दुसऱ्या बुटाकडे वळला होता. चिठ्ठी खोटी होती हे तिला ठाऊक होतं, पण ती वाचताना जे बरं वाटलं ते खोटं नव्हतं. हेटीने ती तीनदा वाचली. मग पाकिटात घालून, पाऊस असूनही, तेव्हाच्या तेव्हा पेटीत टाकून आली, कारण सकाळपर्यंत ठेवली असती तर फाडली असती.

पुढचं वर्षभर तिने दुप्पट चिठ्ठ्या धाडल्या. खाई त्याला खवखवे. पानांचे आकडे ती दोनदा तपासू लागली, स्वल्पविराम मोजू लागली. विल्फने एकदा ओठांनी विचारलं, काय झालंय तुला? ती म्हणाली, डोळे दुखतात. मग त्याने न बोलता तिच्या खुर्चीवरचा दिवा जास्त उजेडाचा बसवला, आणि तिला अधिकच वाईट वाटलं.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत पोस्टमनने लांब पाकीट आणलं. हेटीने सवयीने हात पुढे केला, तर तो म्हणाला, साहेबांचं आहे. पाकिटावर मिस्टर विल्फ्रेड पिलिंग असं टाइप केलेलं होतं. विल्फला पत्रं यायची ती पेन्शनची नाहीतर कबुतर-क्लबाची. त्याने लोण्याची सुरी पुसून पाकीट उघडलं, कागद दूर धरून वाचला, जवळ धरून वाचला, घडी घातली आणि चहाच्या किटलीखाली ठेवला. मग पाव खाल्ला.

तो अंगणात गेल्यावर हेटीने किटली उचलली. मिस थर्लोने लिहिलं होतं की ऐकलेलं वाक्य छापण्याआधी बोलणारा हयात असेल तर त्याची संमती घ्यायची कार्यालयाची रीत आहे. खालील वाक्य आपण खालील तारखेस बोललात, ते खरं असल्याचं लिहून सही करून पाठवावं. मिसेस पिलिंग यांचं नाव यंदाच्या खंडाच्या सुरुवातीला वाचकांच्या यादीत आम्ही आनंदाने घालत आहोत, चौदा हजार चिठ्ठ्यांसह.

बावीस वर्षांत हेटीला या रीतीची कल्पना आली नव्हती, कारण तिच्या ऐकलेल्या चिठ्ठ्यांतली एकही आजवर छापली गेली नव्हती. तिने किटली परत कागदावर ठेवली. दांडा होता त्याच बाजूला वळवला.

तीन दिवस विल्फ काही बोलला नाही, म्हणजे नेहमीइतकंच बोलला. हेटीने मनात वाक्य तयार केलं. एक सही, विल्फ, बाकी काही नाही. कुणाचं काय जातंय? नाहीतर चौदा हजार जातील, आणि त्यांत एकही दुसरी खोटी नाही. बटाटे सोलताना तिने ते घोकलं, पायऱ्या घासताना घोकलं. एकसष्ट सालचं घड्याळ आठवलं की वाक्य अर्ध्यावर तुटायचं.

चौथ्या दिवशी, रविवारी, प्रार्थनेहून येऊन दोघं जेवली. बटाट्याचा आणि मटणाचा रस्सा होता, वर लाल कोबी. विल्फने ताट पुसून खाल्लं, किटलीखालून कागद काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"मी असं बोललो?" त्याने विचारलं. ओठांनी नव्हे, आवाजाने. कानाने अधू माणसासारखा त्याचा आवाज खोलीला मोठा पडला.

"नाही," हेटी म्हणाली.

"मग कोण बोललं?"

"कुणीच नाही. मीच लिहिलं. जागा मोकळी होती, मी भरली."

विल्फने कागद पुन्हा वाचला. "माझ्याच नावावर का? हॅरल्ड ग्रिमशॉच्या नावावर टाकायचं. तो दिवसभर काहीतरी बरळत असतो. त्याला आठवलंही नसतं."

हेटीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, त्यामुळे तिने नाक पुसलं. मग तिने सगळं सांगितलं. पत्र, तीन आठवडे, हॅमवाली विधवा, बुटांचं पॉलिश. त्याच्याच नावावर का, ते मात्र सांगितलं नाही. ते त्याला कळायला हवं होतं, असं तिला वाटलं.

"एक खोटी निघाली तर सगळ्या काढतात ना?" विल्फने विचारलं. तिने इतकी वर्षं नियम ऐकवले होते. त्याला सगळे पाठ होते.

"सगळ्या."

"आणि मी सही करावी असं तुला वाटतं?"

घोकलेलं वाक्य हेटीच्या ओठांपर्यंत आलं. समोर तिचा नवरा बसला होता, स्वच्छ दाढी केलेला, रविवारच्या शर्टात. त्याने आयुष्यात तीन मिनिटं चोरली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडून ते व्हायचं नाही. आणि झालंच, तर मला तुझ्याकडे बघवणार नाही."

"बरं," विल्फ म्हणाला. "पत्र मला आलंय. उत्तर मी लिहीन."

तो पेन्सिल आणि वहीचा कागद घेऊन कबुतरखान्यात गेला, दार लावून बसला. तासाभराने दार जरासं उघडलं, आणि त्याने अंगण ओलांडून ओठांनी विचारलं, आज तारीख काय? हेटीने खिडकीतून बोटांनी दाखवली, चोवीस. दार लागलं. संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा पाकीट बंद होतं, आणि कबुतराच्या दाण्याचा भुसा त्याला चिकटला होता. त्याने ते तिला दिलं नाही. स्वतः जाऊन टाकून आला. काय लिहिलंस असं विचारायचा हेटीला धीर झाला नाही. काय लिहिलं असेल ते उघडच होतं.

तिनेही आपलं पत्र लिहिलं, सहा ओळींचं. ती चिठ्ठी खोटी आहे, मी रचली, मिस्टर पिलिंग यांचा दोष नाही. बाकीच्या खऱ्या आहेत, पण माझ्या म्हणण्यावर तुम्ही विसंबावं असं मी आता म्हणू शकत नाही. खिशातल्या आणि खणातल्या कोऱ्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून तिने सोबत परत धाडल्या, चारशे सहा.

त्यानंतरचे दोन महिने तिला फार रिकामे गेले. लोक बोलत, आणि तिचा हात खिशाकडे जाऊन परत येई. खाटकाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं की हवेने दोन दिवस दम धरला तर बरं, आणि हेटीला ते सुंदर वाक्य तसंच हवेत सोडून द्यावं लागलं. वाचनालयातून आणलेली कादंबरी तिने नुसती वाचली, आणि तिच्या लक्षात आलं की नुसतं वाचायचं कसं ते ती विसरून गेली आहे. कोण कुणाशी लग्न करतंय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

बेसीच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. कुंपणावरून ती म्हणाली, "काय गं, शब्द संपले का इंग्रजीतले?"

"माझे संपले," हेटी म्हणाली. एवढं सरळ उत्तर बेसीला अपेक्षित नव्हतं. ती आत गेली आणि थोड्या वेळाने आल्याच्या केकचा तुकडा कागदात गुंडाळून कुंपणावर ठेवून गेली. बेसी तशी वाईट नव्हती. तिला फक्त माणूस आधी खाली पडलेला लागायचा.

विल्फ रोजच्यासारखाच होता. उलट थोडा जास्त घरात असे. एकदा त्याने वर्तमानपत्रावर बोट ठेवून हेटीला एक वाक्य दाखवलं, धरण्याचंच. तिने मान हलवली, म्हणजे आता नको. त्याने ते पान फाडून खिशात ठेवलं.

एप्रिलच्या अखेरीस पार्सल आलं. जड होतं. हेटीला वाटलं, तिच्या चिठ्ठ्या परत आल्या. चौदा हजार चिठ्ठ्यांना याहून मोठी पेटी लागली असती हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिने दोरा कापला. वरच तिचीच कोऱ्या चिठ्ठ्यांची जुडी होती, तिच्याच गाठीसकट, आणि खाली नव्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या पाच जुड्या. त्यांवर मिस थर्लोचं पत्र.

मिस थर्लोने राग लपवला नव्हता. आपण असं करायला नको होतं, मिसेस पिलिंग, आणि मीही तारखेची घाई करायला नको होती. नियमाप्रमाणे आपल्या चिठ्ठ्या आम्ही बाजूला काढल्या. कार्यालयातल्या आम्ही तिघींनी सात आठवडे वेगवेगळ्या खणांतल्या पाचशे चिठ्ठ्या मूळ पुस्तकांशी ताडून पाहिल्या. दोन ठिकाणी पान चुकलं आहे, एका ठिकाणी स्वल्पविराम. शब्द एकही चुकलेला नाही. चिठ्ठ्या परत खणांत गेल्या आहेत. ती एक मी स्वतः फाडली. आपलं नाव यादीत राहील, आकडा एकाने कमी होईल.

हेटी खुर्चीवर बसली. तपासनिसाच्या टेबलावरून तागा पुढे सरकला की कसं वाटतं ते विणकरणीलाच कळतं. तिला तसंच वाटलं, आणि तिने चहाचा थंडगार कप एका घोटात संपवला.

पत्राला दुसरं पान होतं. मिस थर्लोने लिहिलं होतं की अडलेल्या अर्थाची जागा मात्र आता मोकळी नाही. मिस्टर पिलिंग यांचं उत्तर आलं. त्यांनी सही द्यायला स्वच्छ नकार दिला, पण कार्यालयाकडे आलेलं सही-तारखेचं पत्र हाही लिखित आधारच असतो, आणि त्यांच्या पत्रात एक वाक्य आहे, जे त्यांनी आमच्यासाठी रचलेलं नाही. छापायची परवानगी आम्ही त्यांनी दिलेल्या कबुतर-क्लबाच्या पत्त्यावर मागितली, ती त्यांनी तिथूनच कळवली. सोबत छपाईचा कच्चा कागद जोडते आहे.

कागद लांबच लांब होता, बारीक अक्षरांचा. दोर, मूल, दार, भाव, पूल, खाणकामगार, हेटीची कितीतरी ओळखीची माणसं त्यावर ओळीने उभी होती. अगदी तळाशी पेन्सिलीची खूण होती. हेटीने चष्मा पुसला आणि वाचलं:

"ते वाक्य मी कधी बोललेलो नाही, एकतीस सालापासून या बाईने मला धरून ठेवलं आहे, आणि ते बोलून दाखवायची वेळ तिने माझ्यावर येऊ दिली नाही." — वि. पिलिंग, पत्र, २४ फेब्रु. १९७४.

एकतीस साली त्यांचं लग्न झालं होतं, भर पावसात, गिरणीच्या सुट्टीच्या आठवड्यात. हेटीने ओळ पुन्हा वाचली. तिने रचलेलं वाक्य किती गुळगुळीत होतं ते तिला आता दिसलं. असं वाक्य तिला शंभर वर्षांत रचता आलं नसतं. ती रडली, अगदी आवाज करून, कारण घरात ऐकणारं कुणी नव्हतं, आणि जो अंगणात होता त्याला ऐकू येत नव्हतं.

मग तिने तोंड धुतलं आणि खिडकीच्या काचेवर कागद दाबून धरून टकटक केली. आवाज विल्फपर्यंत पोचला नाही, पण कबुतरं फडफडली तशी त्याने मान वळवली. त्याच्या हातात लाल मादी होती. त्याने कागद पाहिला, हेटीचा चेहरा पाहिला, आणि त्याचे कान लाल झाले.

मोठे ओठ करून, तीन माग ओलांडून बोलावं तसं, त्याने विचारलं, "तारीख नीट छापलीय ना?"